अर्धं माणूस

वान-सिमनं सातव्या मजल्यावर तोंड उघडलं की तळमजल्यावरची मांजरं पळत, असं लोक म्हणायचे. एकोणीसशे त्रेसष्टच्या त्या उन्हाळ्यात, कावलूनच्या निर्वासितांच्या सरकारी वसाहतीत, असा आवाज असणं ही लाजेची गोष्ट नव्हती. पाणी चार दिवसांतून एकदा, तेही चार तास. तळमजल्यावर नळ सोडले की वरचे नळ नुसते खाकरायचे, थुंकायचेसुद्धा नाहीत. मग वान-सिम कठड्यावरून अर्धी बाहेर वाकायची आणि ओरडायची,

“खालच्यांनोऽ, नळ बंद कराऽ! वर काय भुतं राहतात का?”

खालून उत्तर यायचं, “वरच्यांनोऽ, खाली राहायला याऽ!”

आणि सगळा जिना हसायचा. वान-सिमही हसायची. पण नळाला काही पाझर फुटायचा नाही. शेवटी कावड घेऊन सात मजले खाली उतरावं लागायचं, घासलेटच्या डब्यांच्या रांगेत उभं राहावं लागायचं.

ती आली तेव्हा हे असं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ती, तिचा नवरा ताक-वो आणि पाठीवर बांधलेली निंग इथे आली, तेव्हा मागच्या डोंगरावर पाइनची झाडं होती. मग झोपड्या आल्या. झोपड्यांना जळण लागलं, तशी झाडं गेली. पहिल्याच वादळात डोंगराची लाल माती झोपड्यांसकट खाली आली. आता डोंगरच कापत होते. ताक-वो तिथेच कामाला होता. दिवसभर डोंगर खणायचा, ती माती ट्रकनं समुद्रात टाकायची, आणि भरून निघालेल्या समुद्रावर पुन्हा इमारती. “तुझा नवरा करतो काय?” असं कुणी विचारलं की वान-सिम म्हणायची, “माणसांना ठेवायला जागा करतो. पण तो एक खोली करेपर्यंत लोक दहा पोरं काढतात.”

धरणांचे तळ उघडे पडले होते. जहाजं नदीच्या मुखातून पाणी भरून आणत होती. ती नदी वान-सिमच्या माहेरच्या दाराशी वाहायची. लहानपणी तिनं त्या पाण्यात म्हशीचं शेपूट धरून पोहायचं शिकून घेतलं होतं. आता तेच पाणी जहाजातून येत होतं आणि पहिलं तळमजल्यावरच्यांना मिळत होतं.

खोली दहा बाय बाराची. पाच माणसांना एक खोली हा कचेरीचा नियम, आणि दहा वर्षांखालचं मूल म्हणजे अर्धं माणूस. वान-सिमच्या घरात पाच माणसं भरत नव्हती, म्हणून उरलेल्या जागेत कचेरीनं दुसरं बिऱ्हाड आणून घातलं होतं. मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे दाराची बाजू, उजेडाची. ती जुन्या रहिवाशांची, म्हणजे वान-सिमची. पलीकडे अंधारात चोय-हा, तिचा नवरा आणि त्यांचा तेरा महिन्यांचा मुलगा.

उजेड आपल्या वाट्याला असून माणूस अंधारातल्यांवर का जळतो, याचं उत्तर वान-सिमला कधी सापडलं नाही. पण जळायची. पलीकडे कढईत तेल किती पडलं हे तिला आवाजावरून कळायचं. चोय-हाचा नवरा बोटीवर आचारी, तो उरलंसुरलं घेऊन यायचा. मग पडद्याखालून आल्याचा आणि भाजलेल्या मांसाचा वास यायचा आणि निंग भाताचा वाडगा हातात धरून नुसती हुंगत बसायची. दोघी बायका घरी बसून कारखान्याची प्लास्टिकची फुलं जोडायच्या. चोय-हाचे गुलाब वान-सिमपेक्षा आधी संपायचे. आणि ते बाळ! गुबगुबीत, दुधाळ, क्वचितच रडणारं. निंगनंतर वान-सिमची कूस पुन्हा उजवलीच नव्हती. पडद्यापलीकडून बाळ खिदळलं की तिच्या हातातल्या पाकळ्या तारेत नीट बसायच्या नाहीत.

“वहिनी, जरा धरता का याला?” चोय-हा पडदा सारून बाळ तिच्या मांडीवर ठेवायची. “तुमच्याकडेच गप्प राहतो मेला.”

“गप्प राहील नाहीतर काय? खाऊन खाऊन सुस्त झालाय,” वान-सिम म्हणायची, आणि बाळाचा पाय हातात घेऊन दाबत बसायची.

एकच गोष्ट वान-सिमकडे होती आणि चोय-हाकडे नव्हती. निंग ‘पूर्ण’ होती.

निंग जन्मली ती वर्ष संपायला दोन दिवस असताना. त्यांच्याकडे मूल जन्मतं तेच एक वर्षाचं, आणि नव्या वर्षाच्या सकाळी लहानथोर सगळ्यांचं वय एकदमच एकानं वाढतं. त्यामुळे निंग तिसऱ्या दिवशी दोन वर्षांची झाली. तेव्हा आजेसासू म्हणाली होती, “पोरीला घाई आहे बाई. हिचं लग्नही दोन दिवस आधी करा.” त्या हिशेबानं यंदाच्या नववर्षाला निंग दहाची झाली. सण उरकताच वान-सिम तिला नवा कोट घालून वसाहतीच्या कचेरीत घेऊन गेली. “साहेब, पोरगी दहाची झाली,” तिनं सांगितलं. कारकुनानं मान वर न करता अर्ध्याचं एक केलं. त्या दिवशी वान-सिम जिना चढली ती राणीसारखी. आता घरात तीन पूर्ण माणसं होती.

आणि त्या दिवसापासून कावड निंगच्या खांद्यावर आली.

“दहाची घोडी झालीस. तुझ्या वयात मी भात लावत होते,” वान-सिम म्हणायची. निंग कावड उचलायची. सात मजले. प्रत्येक मजल्यावर डबे टेकवायची, तळहात झग्याला पुसायची, पुन्हा उचलायची.

मे महिन्यात चोय-हाची भाची आली. सीमेवरचे डोंगर पायी ओलांडून माणसांचे लोंढेच्या लोंढे येत होते, त्यातच ती आली. नाव युन. आई-बाप वाटेत नव्हे, त्याआधीच वारले होते. पायाला चिंध्या, डोकं भादरलेलं, आणि खोलीत आल्या आल्या तिनं पहिलं काम केलं ते हे की, बाळाच्या वाडग्यात उरलेली पेज बोटानं पुसून खाल्ली. चोय-हानं कचेरीत नोंद केली: वय बारा. पूर्ण माणूस.

“बारा?” वान-सिम नवऱ्याला म्हणाली. “ही? माझ्या निंगच्या खांद्याला लागते ही.”

“डोक्याला लागते,” ताक-वो म्हणाला. त्याला खरं बोलायची वाईट खोड होती.

मग वान-सिमनं दोघींना दाराच्या चौकटीशी पाठीला पाठ लावून उभं केलं आणि खिळ्यानं खूण केली. निंग बोटभर उंच भरली. वान-सिमनं ती खूण दोनदा गिरवली.

पोरींना याचं काही नव्हतं. दोघी रांगेत एकमेकींचे डबे सांभाळायच्या. एक रांगेत, दुसरी सावलीत, मग अदलाबदल. युननं निंगला तोंडात बोट घालून शिट्टी वाजवायला शिकवलं. पाणी आलं की खालून शिट्टी यायची आणि वान-सिम कठड्याकडे धावायची.

जुलैत कचेरीतून चिठ्ठी आली. ह्या खोलीत आता साडेसहा माणसं झाली आहेत. नियमानं एका बिऱ्हाडाला इथून हलवून नव्या इमारतीत स्वतंत्र खोली देण्यात येईल. ज्याची माणसं जास्त त्याला. सारखीच असतील तर जुन्या रहिवाशाला.

ती इमारत सगळ्यांनी बघितली होती. कापलेल्या डोंगराच्या जागेवरच उभी होती. खोलीमागे सज्जा, आणि सज्जात स्वतःचा नळ! वान-सिम ती बघायला दोनदा गेली होती. दुसऱ्या वेळी रखवालदाराची नजर चुकवून तिनं तिसऱ्या मजल्यावरचा एक नळ फिरवूनही पाहिला. पाणी नव्हतं, जोडणी व्हायची होती. पण पितळेची ती चावी तिच्या मुठीत इतकी नेमकी बसली की तिला वाटलं, ही माझ्याच हातासाठी केलेली आहे.

तीन आणि साडेतीन. अर्ध्या माणसानं नळ चोय-हाचा होत होता. आणि ते अर्धं माणूस म्हणजे कोण, तर परवा आलेली, भादरलेल्या डोक्याची, निंगहून बोटभर ठेंगणी पोर. युन अर्धी ठरली की तीन आणि तीन. मग जुनी रहिवासी कोण?

चार दिवस वान-सिमचं जेवणात लक्ष नव्हतं. पडद्यापलीकडे चोय-हा गुणगुणत बोचकी बांधत होती, तिचा आवाज सुईसारखा टोचायचा. वर ती येता-जाता म्हणायचीही, “वहिनी, आम्ही गेलो की तुम्हाला मोकळं होईल हो.”

“हो ना,” वान-सिम म्हणायची. “तुमच्या कढईचा धूर तरी जाईल.”

“धूर कशाला, धुराबरोबर वास पण जाईल,” चोय-हा हसायची. “निंगला चुकल्यासारखं होईल.”

हे ‘निंगला’ तिच्या जिव्हारी लागलं. पाचव्या दिवशी वान-सिम जिन्याखाली बसणाऱ्या पत्रलेखकाकडे गेली. म्हातारा चष्मा पुसत म्हणाला, “गावाकडे का? प्रकृती बरी आहे, पैसे पाठवते, एवढंच ना?”

“गावाकडे नाही. कचेरीला. नाव घालायचं नाही.”

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. “म्हणजे शेजाऱ्याबद्दल,” तो म्हणाला आणि शाई घोटू लागला.

दहा दिवसांनी दोन्ही बिऱ्हाडांना कचेरीत बोलावणं आलं. वान-सिमनं निंगला पुन्हा तो कोट घातला, ऑगस्टच्या उकाड्यात. कारकून नवा होता, मोक नावाचा, तरुण, कानामागे पेन्सिल. त्यानं युनला समोर उभं केलं. ती आधीच टेबलापेक्षा थोडीच उंच. साहेब समोर आल्यावर आणखीच आखडली.

“हिचं वय खोटं लिहिलंय अशी तक्रार आहे. जन्म कधीचा?”

“ड्रॅगनच्या वर्षातला, तिसरा महिना,” चोय-हा म्हणाली. “हा घ्या तिच्या बापाच्या हातचा कागद.”

कागद घामानं मऊ पडला होता, घडीवर फाटला होता. मोकनं पंचांग काढलं, पानं उलटली. “अकरा पूर्ण. पण दिसत नाही.”

“दिसणार कशी?” चोय-हाचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तीन वर्षं झाडाची साल उकळून प्यायलीय ती. वाढायच्या वयात वाढायला काही होतं का? तोंड उघड गं, दाखव साहेबांना.”

युननं तोंड उघडलं. मोक वाकला. मागच्या दाढा मोठ्या माणसाच्या होत्या, आणि त्यातल्या दोन काळ्या पडलेल्या. त्यानं मान हलवली. “मिट. पूर्ण.”

वान-सिम भिंतीकडे बघत होती. भिंतीवर पाणी जपून वापरा असं चित्र लावलं होतं, त्यातल्या बाईच्या हातात तांब्या होता आणि ती हसत होती.

“खोलीची फेरमोजणी आहे, म्हणून तुमचंही सांगा,” मोक तिच्याकडे वळला. “मुलगी?”

“दहा,” वान-सिम म्हणाली.

“जन्म?”

कुठल्याही आईला हा प्रश्न विचारा. ती खोटं बोलत नाही. तिला सांगितल्याशिवाय राहवत नाही. “घोड्याच्या वर्षातला, बारावा महिना, वर्ष संपायला दोन दिवस होते. पहाटे, कोंबडं आरवायच्या आधी. दोन दिवस अडली होती साहेब, सुईणीनं आशा सोडली होती…”

मोक पंचांग चाळत होता. त्यानं कानामागची पेन्सिल काढली, कोपऱ्यात एक वजाबाकी केली, पुन्हा केली.

“बाई, ही आठ वर्षं सात महिन्यांची आहे.”

“दहा आहे. सगळ्यांना विचारा. नववर्षाला दहाची झाली.”

“तुमच्या नववर्षाला. इथे जन्मल्या दिवसापासून मोजतात. पोटातलं वर्ष एक, आणि दोन दिवसांत मिळालेलं दुसरं, दोन्ही फुकटची.” त्यानं एकावर काट मारली. “अर्धी.”

खोलीत पंखा फिरत होता. निंगनं कोटाची बाही ओढली. “आई, मी आठचीच आहे?”

“गप्प बस.”

“मग मला शाळेत वरच्या वर्गात का बसवलं? तिथल्या सगळ्या मोठ्या आहेत.”

परत येताना दोघींचे नवरे पुढे चालत होते, पोरी मध्ये, बायका मागे.  कारंज्याजवळ, ज्यात गेल्या वर्षापासून पाणी नव्हतं, चोय-हा म्हणाली, “वहिनी, पत्र लिहायला जिन्याखाली कशाला गेलात? मला सांगितलं असतं तर मी लिहून दिलं असतं. माझं अक्षर त्या म्हाताऱ्यापेक्षा बरं आहे.”

वान-सिम चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकली. 

“तुमच्यापायी पोरीला दात दाखवावे लागले,” चोय-हा म्हणाली आणि पुढे निघून गेली.

घरी आल्यावर वान-सिमनं निंगचा कोट काढला. घामानं झगा पाठीला चिकटला होता. वाटीभर पाण्यात फडकं बुडवून तिनं पोरीचं अंग पुसायला घेतलं आणि उजव्या खांद्याशी तिचा हात थांबला. तिथे गाठ होती, लिचीच्या बीएवढी, घट्ट. कातडी जुन्या चपलेसारखी झाली होती.

“हे कधीपासून?”

“कावडीची आहे. दुखत नाही आता,” निंग म्हणाली. “आधी दुखायची. युन म्हणते, एकदा दगड झाली की दुखत नाही.”

आठ वर्षं आणि सात महिने. वान-सिम फडकं पिळत राहिली. ते कोरडं झालं तरी पिळत राहिली. दहा म्हणून तिनं या खांद्यावर किती डबे चढवले याचा तिला अंदाजही करता येईना. तिनं चौकटीकडे पाहिलं. तिथली ती दोनदा गिरवलेली खूण तशीच होती, आणि तरीही, अगदी त्या क्षणीसुद्धा, पलीकडे चोय-हा बोचक्याला गाठ मारत होती तो आवाज तिच्या कानात शिरत होताच. मत्सर काही पश्चात्तापासाठी जागा करून देत नाही. दोघं एकाच खोलीत राहतात, मध्ये नुसता पडदा.

चोय-हा गेली त्या दिवशी तिनं बाळ वान-सिमच्या मांडीवर ठेवलं नाही. युननं मात्र जाता-जाता निंगला दाराशी बोलावलं आणि दोन बोटं तोंडात घालून हळूच शिट्टी वाजवली.

आठवड्याच्या आत पडद्यापलीकडे नवं बिऱ्हाड आलं: म्हातारा, म्हातारी आणि अर्धं माणूस. म्हातारीनं आल्या आल्या विचारलं, “उजेडाची बाजू तुमची का?” आणि अशा नजरेनं पाहिलं की ती नजर वान-सिमला आपल्या स्वतःच्या चेहऱ्यासारखी ओळखीची वाटली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी वान-सिमनं कावड स्वतः उचलली. निंग मागे मागे आली.

“मी येते ना.”

“नको.”

“मी अर्धी आहे, तर एक डबा आणते. अर्धी म्हणजे एक.”

“तू एकही नको. तू नुसती शिट्टी वाजव.”

खाली रांग जिन्यापासून रस्त्यापर्यंत गेली होती. आता युन नव्हती. जागा धरायला कुणी नाही. दोन तास उलटले. वान-सिमच्या पुढे अजून चाळीस डबे होते. एवढ्यात रस्त्यापलीकडून शिट्टी आली. निंगची नव्हती, निंग शेजारीच उभी होती. नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून युन हात हलवत होती, आणि तिच्यामागे बाळाला कडेवर घेतलेली चोय-हा.

“वहिनीऽ!” चोय-हा ओरडली. “पाणी आहेऽ! रांग नाहीऽ! यायचं असेल तर या, नाहीतर उभ्या राहा!”

बोलावणं असं होतं की त्यात गोडवाही नव्हता आणि दारही बंद नव्हतं. वान-सिमला वाटलं, उभंच राहावं. चाळीस डबे काय, चारशे असोत. मग निंगनं न सांगता एक डबा उचलला, उजव्या खांद्यानं नव्हे, डाव्या हातानं, आणि रस्ता ओलांडायला लागली.

सज्जा वान-सिमनं कल्पिला होता तसाच होता. नळ तिनं फिरवून पाहिला होता तोच की शेजारचा, हे तिला सांगता आलं नसतं. डबा खाली ठेवला, चावी मुठीत घेतली. ती तशीच नेमकी बसली. पाणी पडू लागलं.

“अंगण पुसून घ्याल जाताना,” चोय-हा म्हणाली.

“याला अंगण म्हणतात का? माझ्या गावी कोंबडीसुद्धा यात मावली नसती.”

“मग द्या ना पाणी परत.”

“डबा भरू दे, मग बघते,” वान-सिम म्हणाली. चोय-हाच्या ओठांचा कोपरा हलला की नाही, हे तिनं मुद्दाम पाहिलं नाही.

पहिला डबा भरला. दुसरा अर्ध्यावर आला, तेवढ्यात वरून, सहाव्या-सातव्या मजल्यावरून कुणा बाईचा घसा फाटेस्तोवर ओरडण्याचा आवाज आला,

“खालच्यांनोऽ! नळ बंद कराऽ!”

वान-सिमनं वर पाहिलं. मग चोय-हाकडे. चोय-हा बाळाचा पाय चोळत होती आणि अगदी निर्विकार चेहऱ्यानं समोरच्या, कापून अर्ध्या राहिलेल्या डोंगराकडे बघत होती. निंग डब्यावर ओणवून पाण्याची पातळी मोजत होती. पाणी अजून काठाच्या चार बोटं खाली होतं.

वरची बाई पुन्हा ओरडली. आवाज चांगला होता, वान-सिमनं मनात म्हटलं, पण आपल्याएवढा नाही. आणि चावीवरचा हात तिनं डबा काठोकाठ भरेपर्यंत हलवला नाही.